चालू स्थितीत काढलेला सतरा नंबर

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. आजाऱ्याच्या घशातला कफ ओढून घेणारा. पण मी एकाही आजाऱ्याजवळ गेलो नाही. माझा सगळा जन्म चाचणीच्या खोलीत गेला.

आम्ही वीस जण होतो, माझा नंबर सतरा. हजार तास अखंड चालायचं, कोण कधी बंद पडतो ते फोरमनने लिहायचं आणि त्यावरून आमच्या जातीचं आयुष्य काढायचं. तीन भावंडं आधीच गेली. आठशे तासांनंतर माझं बेअरिंग कुरकुरू लागलं. फोरमनने कान लावला, इकडंतिकडं पाहिलं आणि माझी वायर उपटली. कागदावर लिहिलं, 'चालू स्थितीत काढला.' वर माझी पाठ थोपटली. तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. उगाच कोण कुणाची पाठ थोपटतं?

मला कपाटात टाकलं. तिथं माझ्याजवळ आणखी चौघे येऊन पडले. सगळे कुरकुरणारे.

मग आकडे मांडणाऱ्या बाई आल्या. त्यांची रीत सरळ होती. चालू असताना काढलेला मेलेला धरायचा नाही आणि अमरही धरायचा नाही. इतके तास तरी जगला, एवढंच म्हणायचं. सगळ्यांचे तास मिळवायचे, मेलेल्यांच्या संख्येने भागायचे. मेलेले तीनच, म्हणून उत्तर आलं सहा हजार तास. तोच आकडा खोक्यावर छापायचा होता. तेवढे तास भरेपर्यंत दवाखाने पंप बदलणार नव्हते.

बाई आकड्यावर खूश झाल्या नाहीत.

"फोरमनदादा, हे पाच का काढले?"

"जागा लागत होती, ताई."

"पाचही आठशे ते नऊशे तासांच्या मध्येच? तुमची जागेची टंचाई घड्याळ बघून येते वाटतं."

"चालत होते ना पण. खोटं काय लिहिलंय?"

"मग चालवून बघू."

"कशाला आता जुनी मढी उकरता?"

"मढी? आत्ता तर चालत होते म्हणालात."

बाईंनीच माझी वायर लावली. खरं सांगतो, मला चालायचं होतं. बाविसाव्या मिनिटाला जळका वास सुटला आणि मी थांबलो. बाकीचे चौघे संध्याकाळपर्यंत आटोपले.

"साहेबांना मोठा आकडा हवा होता," फोरमन खाली बघत म्हणाला. "मला घरदार आहे, ताई."

"ज्याचा कफ अडकेल, त्यालाही असेल."

तिनाचे आठ मेलेले झाले. सहा हजार तासांचे तेवीसशेही भरेनात.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच शिकवतात. मला तेल नको, कौतुक नको. मी मेलो, आणि कधी मेलो, ते लिहा. माझ्या खोट्या जगण्याच्या भरवशावर कुणाचं लेकरू गुदमरायला नको.