खुराडे आणि किसाचे पोते

मित्रांनो, परसात नळाच्या पलीकडे जी हिरवी पेटी दिसते, ती पेटी नव्हे. मी एक जुने खुराडे आहे. मीटर बघायला येणारा माणूस माझ्या छपरावर वही टेकवून आकडे लिहितो आणि निघून जातो. गेले कित्येक महिने माझ्याकडे येणारा पाहुणा तेवढाच.

मला एका सुताराने घडवले. माझे दार म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीची जुनी झडप. सुताराचा हात फार चोख, पण घरच्या कामाला त्याला कधी सवड नसे. बायकोने चार वर्षे पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे मी झाले. ती लोकांचे कपडे शिवते. सगळी गल्ली तिला शिलाईमावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणते.

पाच कोंबड्या आल्या, तसा खाली काय पसरायचे हा प्रश्न आला. सुतार या बाबतीत भारी काटेकोर होता. प्लायवूडचा भुसा तो आणत नसे, कारण त्यात गोंद असतो. रंग दिलेल्या लाकडाचा तर नाहीच. कोऱ्या लाकडावर रंधा मारला की जो कुरळा कीस पडतो, तेवढाच पोत्यात भरून आणायचा. कोंबड्या दिवसभर तो उकरत. पंधरा दिवसांनी मावशी तो मागच्या खड्ड्यात टाकी, आणि पुढच्या वर्षी त्याचे काळेभोर खत भोपळ्याच्या वेलाला मिळे. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे कोंबड्या आहेत हे वासावरून कळतसुद्धा नाही हो." कौतुक सुताराचे असे, हे मला ठाऊक होते. तरी मी ते आपलेच समजून घेई.

मग एके दिवशी सुतार कामावर गेला आणि रंधा हातात असतानाच कोसळला. घरी परत आला नाही. चार दिवसांनी त्याचा कामावरचा जोडीदार एक पोते घेऊन आला. म्हणाला, "भाऊंनी कोंबड्यांसाठी भरून ठेवलं होतं, वहिनी." मावशीने ते शिवणयंत्राशेजारी ठेवले, तोंड बांधलेलेच. मागचे दार उघडे असले की मला ते दिसे. शिवता शिवता तिचा हात पोत्यावर जाऊन थांबे.

त्या पोत्याला हात लावायचा नाही, आणि माझ्यात खाली तर काहीतरी हवेच. मावशी कधी काही टाकून देत नाही. यंत्राखाली कापडाच्या कात्रणांचा ढीग पडलेला असायचा. तिने तीच माझ्यात पसरली. मऊ होती, रंगीबेरंगी होती, पहिले दोन दिवस मीही मिरवून घेतले. पण ती एकदा ओली झाली की वाळत नसत. माझ्यात डोळे झोंबतील असा वास कोंडू लागला. कोंबड्यांनी उकरणे सोडून दिले. वर्षाने मावशीने खड्डा उकरला, तर कुणाच्या तरी झग्यावरची पिवळी फुले जशीच्या तशी वर आली. तिने ती झटकली आणि पुन्हा पुरली.

तोवर चार कोंबड्या वयाने गेल्या होत्या. उरली एकटी ठिपकी. पिल्लू असताना तिला सुताराने सदऱ्याच्या खिशात घालून घरी आणले होते, म्हणून मावशीचा जीव तिच्यात. ठिपकी दोन दिवस जागची हलेना, तेव्हा मावशीने तिला उचलले. पायाला निळा दोरा करकचून आवळला होता आणि बोटे काळी पडली होती.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी दोरा कापला.

"हा कुठून आला?"

"माझ्याच कात्रणातला. गादीसारखं मऊ, म्हणून घातलं होतं."

डॉक्टर रागावले नाहीत. "मावशी, कोंबडीला गादी नको असते. तिला उकरता येईल आणि मागून मातीला खाता येईल, असं काहीतरी घाला. वाळला पाला, पेंढा, लाकडाचा कीस. दोन बोटं जातील, पण पाय वाचेल. मात्र खाली कोरडं हवं. आजच्या आज."

"आजच?"

"ओल्यात उभी राहिली तर पाय सडेल, आणि मग कोंबडीही राहायची नाही."

आठवडाभर पावसाची झड लागली होती. कोरडे पान कुठे मिळणार नव्हते. मावशी घरात गेली आणि पोते ओढत ओढत माझ्यापाशी घेऊन आली. कमरेला कात्री लटकत होती, तरी तिने गाठ नखांनीच सोडवली, कारण ती सुताराने मारलेली होती. ओंजळभर कीस तिने नाकाशी धरला.

"त्यांचा वास नाही गं राहिला," ती ठिपकीला म्हणाली. "नुसतं लाकूड आहे."

मग ओली कात्रणे काढून तिने अख्खे पोते माझ्यात रिकामे केले. ठिपकी दुसऱ्याच दिवशी उकरायला गेली आणि एका पायावर तोल जाऊन आपटली. मावशी हसली. सुतार गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकले. तो कीस सरल्यावर मावशी वाळला पाला वेचून आणू लागली. ठिपकी त्यावर आणखी तीन वर्षे जगली. खड्ड्यातल्या खतावर भोपळा पुन्हा धरला.

गेल्या हिवाळ्यात ठिपकीही म्हातारपणाने गेली. मावशीने मला धुतले, वाळवले आणि दाराला कडी घातली. दर आठवड्याला ती येते, मला फडक्याने पुसते, छपरावर हात ठेवून उभी राहते आणि कडी न उघडता परत जाते. हात ठेवायची ही तऱ्हा माझ्या ओळखीची आहे. पोत्यावरही ती हात असाच ठेवायची.

मित्रांनो, रिकामे राहिले की लाकूड टिकते, हे खरे. पण टिकून मी करू काय? मला फार एकटे वाटते, आणि तिलाही वाटत असणार. तुमच्या अंगणात पाला पडतो. तो जाळू नका. कोरडा बघून, प्लॅस्टिक निवडून काढून, पोत्यात भरा आणि शिलाईमावशीच्या दारात ठेवा. तिला काही समजावत बसू नका. कोरडा पाला दारात आला की तो उकरायला कोंबड्याही ती आणेल. ती कधी काही टाकून देत नाही.