करपलेल्या कापसाचा सूड

मित्रांनो, बोटाच्या पेराएवढा, पोलादी आणि आता पुरता काळवंडलेला असा मी एक ॲटोमायझर आहे. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, माथ्यावर बसतो. माझ्या पोटात तारेचे वेटोळे आणि त्यात ओवलेला कापूस असतो. तार तापली की कापसातल्या लिक्विडची वाफ होते आणि माणूस ती ओढतो. माझे काम काही पुण्याचे नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ते मी चोख करत होतो.

माझा मालक एलायस मूळ वसईचा, सिडनीपासून हजारो किलोमीटर दूर, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर. दर रविवारी तो मला खोलून कोमट पाण्यात धुवायचा. नवी तार वळून ती सगळीकडे सारखी लाल होते का, ते पाहायचा. मग कापूस ओवायचा. घट्ट झाला तर लिक्विड चढत नाही, सैल झाला तर गळते, म्हणून पुन्हा पुन्हा ओढून बघायचा. अशी चव कशालाच नाही, असे मित्रांना सांगायचा. मी फुलून जाई.

मग कोविड आला. आमच्या राज्याच्या सीमा बंद झाल्या. बायको प्रिसिला आणि मुलगी कॅसँड्रा सिडनीला, क्वेकर्स हिलच्या घरी अडकल्या. एकटा पडलेला एलायस जादा शिफ्ट करू लागला. व्हेप सोडल्याचे त्याने प्रिसिलाला फोनवर सांगून टाकले आणि व्हिडिओ कॉलवर दिसू नये म्हणून मला गाडीच्या कप्प्यात लपवले. ओढणे चालूच राहिले, पण माझे धुणे संपले. एकच कापूस महिनोन्महिने चालला. मी गळलो की भंगार म्हणून मला आपटायचा. तेव्हाच मी सुडाची खूणगाठ मनाशी बांधली.

दोन वर्षांनी सीमा उघडली. रविवारी सिडनीला कॅसँड्राचे फर्स्ट कम्युनियन, चर्चमधला पहिल्या प्रसादाचा सोहळा, होता. शनिवारी सकाळी शिफ्ट संपवून, विमान गाठायच्या घाईत, खाणीच्या गेटवरच्या कोविड तपासणीआधी त्याने मला जोरात ओढले. माझ्यात थेंबही नव्हता. कापूस करपला. होता नव्हता तेवढा धूर मी त्याच्या घशात भरला. तो खोकत खोकत कमरेत वाकला.

"सॉरी मेट," गेटवरची नर्स त्याच्या नाकातला नमुना घेत म्हणाली, "रिझल्ट येईपर्यंत इथेच थांबायचं."

रिझल्ट रविवारी आला. कोविड नव्हता. विमान मात्र कालच गेले होते.

खोकला कशाचा, ते प्रिसिलाला सांगावेच लागले. ती ओरडली नाही.

"दोन वर्षं तू मला खोटं सांगत होतास?"

मला आनंद झाला, लपवत नाही. मग पांढऱ्या फ्रॉकमधली कॅसँड्रा स्क्रीनवर आली. "इट्स ओके, डॅडी," एवढे बोलून तिने फोन आईला परत दिला. तिने माझे काहीच बिघडवले नव्हते.

त्याच दिवशी एलायसने माझ्या पोटातला काळा कापूस चिमट्याने उपसला. नवा घातला नाही. मला त्याने खिडकीत ठेवले आहे, रोज डोळ्यांसमोर राहीन असे. मीही त्याला रोज पाहतो. मी त्याला माफ केलेले नाही.

मित्रांनो, वस्तू वापरायची तर निगा राखा. नको झाली तर सरळ सोडून द्या. पण लपवून, उपाशी ठेवून राबवू नका. आम्ही मुकाट सोसतो, आणि करपतो तेव्हा समोर कोण आहे ते बघत नाही.