वास थांबल्याची तक्रार

आमच्या गॅस कंपनीच्या ऑफिसात सगळे त्यांना 'नाकवाल्या आजी' म्हणायचे. एकट्या राहणाऱ्या, घरीच शिवणकाम करणाऱ्या. दोन महिन्यांत पाच वेळा फोन: "बाई, स्वयंपाकघरात गॅसचा वास येतोय." फोन ठेवला की सगळे खी-खी करायचे.

त्या दिवशी सकाळी साहेबांनी त्यांचा कागद माझ्यासमोर टाकला. वर शिक्का: तक्रार बंद.

"दुरुस्ती कुणी केली?" मी विचारलं.

"कुणी नाही. आजींचाच फोन आला, आता वास येत नाही म्हणून. सुटलो एकदाचे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो साहेब, गॅसच्या पाइपाला काय सर्दी झाली होती, आपोआप बरी व्हायला? गॅस आहे तिथेच आहे. त्यांचं नाक थकलंय! सतत तोच वास घेतला की नाकाला तो कळेनासा होतो. गळती शोधायच्या खात्यात हे मी सांगायचं?"

"फार डोक्यावर बसलात हं तुम्ही," ते म्हणाले. मी गॅस मोजायच्या यंत्राची पिशवी उचलली आणि निघाले.

आजी खिडक्या लावून शिलाई मशीनवर बसल्या होत्या. मला बघून हरखल्या. "ये गं, चहा टाकते," म्हणत त्यांनी लायटर उचललासुद्धा. मी तो हिसकावलाच. "काही पेटवू नका, कुठल्या बटणाला हात लावू नका, आधी बाहेर चला!" बिचाऱ्या घाबरून अनवाणीच निघाल्या. ओट्यामागे, पाइप भिंतीतून आत येतो तिथे, यंत्राने नुसता आकांत मांडला होता.

गल्ली रिकामी केली, दोरी बांधली, माणसं बोलावली. जमिनीखालचा जोड सुटला होता आणि गॅस पाइपाच्या कडेकडेने थेट आजींच्या भिंतीत शिरत होता. बंद करायचा वॉल्व्ह सापडेना, कारण त्याचं झाकण कुणा शहाण्याने नव्या डांबराखाली गाडलं होतं. त्याच्या नावाने मी मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

साहेब दोरीपाशी आले ते नाकाला रुमाल लावूनच. "केवढा हा वास!" अर्ध्या तासाने रुमाल खिशात गेला. "बघा, कमी झाला. उगाच बोभाटा केलात."

मी यंत्र त्यांच्यापुढे धरलं. "आकडा वाचा. तुम्ही आलात तेव्हा होता त्याहून जास्त आहे. वॉल्व्ह अजून उघडाच आहे, साहेब! अर्ध्या तासात तुमच्या नाकाने मान टाकली. आजी दोन महिने आत बसल्या होत्या!"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आणखी चार शब्द सुनावले.

शेवटी वॉल्व्ह सापडला, बंद झाला. मी गल्लीच्या तोंडाशी आजींजवळ गेले. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली होती.

"साहेबांवर चिडू नकोस गं," त्या म्हणाल्या. "चूक माझीच. पण 'वास आला तर फोन करा, नाही आला तर खुशाल झोपा,' असं मागच्या खेपेला तूच सांगून गेलीस ना? म्हणून कळवलं. म्हटलं, तुला पुन्हा हेलपाटा नको."

सांगितलं होतं. दारातूनच. यंत्र पिशवीतून काढलंही नव्हतं.