जाळ्यासाठी निघालेली साखर

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर सूर्य बुडेपर्यंत मी गच्चीवर जपमाळ घेऊन बसते, आणि तेवढ्या वेळात संसारातलं एक अक्षरही बोलत नाही. माझा मुलगा बिही लहान असताना समुद्राने त्याला ओढून नेलं होतं आणि पुन्हा वाळूवर आणून ठेवलं होतं. तेव्हापासूनचा हा नेम. गावाला तो ठाऊक आहे. कुणी दाराशी आलं तर ‘इज्जा माळेवर आहे’ म्हणून परत फिरतं. फिरत नाही ती फक्त आमची शेजारीण झैना. तिला ही वेळ आवडते, कारण मधे कुणी तिचं बोलणं तोडत नाही.

बिही आता परदेशी पाहुण्यांना फळीवर उभं राहून लाटेवरून यायला शिकवतो. त्या लाटांसाठी आमचा किनारा लांब लांब माहीत आहे म्हणे. मला तो शिंपल्यांसाठी माहीत आहे.

मला सून हवी होती ती हमादची तूदा. बिहीला तर माझ्याही आधीपासून. पण हमादच्या दारात साखर घेऊन जायचं माझं धाडस होत नव्हतं. आमच्याकडे मुलगी मागायला निळ्या कागदातली साखरेची उभी ढेप नेतात. घरच्यांनी ती फोडून चहात घातली की होकार. नकार असला तर ढेप तशीच परत येते, सगळी गल्ली बघते, आणि त्या दारात पुन्हा विचारायची सोय उरत नाही. हमाद जातिवंत मासेमार. चहाच्या दुकानात सगळ्यांदेखत तो म्हणाला होता, “इज्जाचा पोरगा दिवसभर समुद्रात असतो आणि रिकाम्या हातांनी बाहेर येतो. एक तारली तरी आण म्हणावं!”

त्या हिवाळ्यातही लुर्देस आमच्याकडे उतरली होती. ती पोर्तुगालची, साठीची, तिकडे तिची पावाची भट्टी आहे. दर थंडीत येते, माझ्याबरोबर पहाटे जवाच्या भाकरी थापते आणि मग फळी घेऊन पाण्यात जाते. पडते, हसते, पुन्हा जाते. गुरुवारी तिच्या पायाला बांधलेली दोरी तुटली. लाटेने फळी खडकांकडे भिरकावली, तिथे हमादचं जाळं लावलेलं होतं. फळीखालच्या पात्याने जाळं उभं फाटलं.

लुर्देस रडवेली होऊन आली. “इम्मी, काय करायचं?” बिहीने विचारलं.

“करायचं काय? साखर घेऊन जायचं आणि चूक झाली म्हणायचं,” मी म्हटलं. माफीलाही आमच्याकडे तीच ढेप लागते. “तूही जा, तिला आपली भाषा येत नाही.”

वारा बोचरा होता, आणि लुर्देस ओली. मी माझी सणाची चादर, काळी, लाल काठाची, तिच्या अंगाभोवती नीट गुंडाळली. बिहीने अंघोळ करून स्वच्छ कपडे घातले, ढेप काखेत घेतली, आणि दोघं निघाली. तेवढ्यात असरची बांग झाली. माझा गुरुवारचा उपासही होता. नमाज आटोपून मी वर जाऊन बसले. मन शांत होतं.

माळेचे थोडे मणी सरले असतील, तोच शेजारच्या गच्चीवरून झैना ओरडली, “अगं बाई! इज्जा चालली बघ, लाल काठाची चादर, काखेत साखर घेऊन पोरगा बाजूला, आणि सरळ हमादच्या गल्लीत!” मग तिची नजर माझ्यावर पडली. “तू इथे? मग ती कोण? …आलं ध्यानात! परदेशी मावशीला पुढे केलंस होय? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस!”

मी खाली पाहिलं. खरंच, कुणीही तेच म्हणालं असतं. मी ‘नाही, नाही’ अशी जोरजोरात मान हलवली.

“पुरे लाजणं, माळ तुटेल!” असं म्हणून झैनाने जीभ फिरवून लग्नातल्या मंगल हाळीचा असा काही सूर काढला की पलीकडच्या गच्चीने तो उचलला, तिच्यापुढच्या गच्चीने तिच्याकडून घेतला, आणि तो हमादच्या घरापर्यंत बिहीच्या आधी पोहोचला.

आता हमाद गल्लीसमोर चिडणार, ढेप परत पाठवणार, आणि न मागितलेल्या मुलीला नकार येऊन बसणार. एक हाक मारली असती तर झैना गप्प झाली असती. हाक ओठांवर आलीही होती. पण ज्याने पोर परत दिलं, त्याला दिलेला शब्द पोराच्याच कामासाठी मोडू? मी डोळे मिटले आणि पुढचा मणी ओढला. सूर्य त्या दिवशी फार सावकाश गेला. बिही परतला नाही. ढेपही परतली नाही.

बांग झाली तशी एक खजूर आणि पाणी घेतलं, नमाज केला आणि रोजची चादर डोक्यावर घेऊन हमादकडे गेले. अंगणात लुर्देस मेंढीच्या कातड्यावर बसून बदाम खात होती. तिला काहीच कळलं नव्हतं, पण ती सगळ्यांकडे बघून हसत होती. हमाद आणि बिही समोरासमोर बसले होते, मांडीवर जाळं. तबकात ढेप, निळ्या कागदासकट, अख्खी.

“ये, लल्ला इज्जा,” हमाद मला बाईमाणसाचा मान देत म्हणाला. “गावाने माझ्या घरात लग्न लावून टाकलं, मलाच तेवढं कुणी बोलावलं नाही. तुझा पोरगा म्हणतो, साखर जाळ्याची. गच्च्या म्हणतात, पोरीची. आत्ताच उपास सोडलेल्या तोंडाने सांग, कुणाची?”

हमादची बायको रकिया माझ्याकडे अशी बघत होती, की ‘बाई, पोरीची म्हण.’ तूदा स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी होती.

“जाळ्याची, दादा,” मी म्हटलं.

रकियाने कपाळावर हात मारला.

“पोरीसाठी आणायची केव्हाची मनात आहे,” मी पुढे म्हटलं. “पण परत येईल म्हणून भीत होते.”

हमादने जाळं उचलून दिव्यासमोर धरलं. “जाळ्याची कशी? जाळं तर फाटलेलंच नाही. आल्यापासून तुझ्या पोराने सुई खाली ठेवलेली नाही. गच्च्या बोंबलत होत्या तरी मान वर केली नाही. गाठी बऱ्या मारतो.” त्याने एक गाठ ओढून पाहिली. “मग ही साखर माझ्या घरात बिनकामाची पडलीय. काय गं तूदा, परत पाठवू?”

तूदा आत गेली. बाहेर आली ती साखर फोडायची पितळी हातोडी घेऊन. तिने ती बापासमोर तबकात ठेवली.

“चहा उकळून कडू होतोय, बाबा.”

“बघा! हिला चहाची काळजी!” हमाद म्हणाला, बिस्मिल्ला म्हणून कागद सोलला आणि ढेपेवर घाव घातला. मग बिहीकडे बोट केलं. “पण पहाटे होडीवर यायचं. तारली आणायचीच.”

“आणतो, दादा,” बिही म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

बाहेर झैना कान लावून बसली असणार, कारण लगेच गच्च्या पुन्हा दुमदुमल्या. लुर्देसने बिहीच्या बाहीला धरून काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?” हमादने विचारलं.

“म्हणते, तुमच्याकडे एका जाळ्याची माफी मिळाली की एवढा आनंद करतात?”

बिही अजून तिला समजावतोच आहे.