घाटीतला राखणदार

आमच्या गावातली माणसं देवाला भितात, इंजिनियरला भीत नाहीत, आणि माझ्या आईला दोघांपेक्षा जास्त भितात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

एकसष्ट सालच्या आषाढात तीन दिवस वादळ झालं. चौथ्या दिवशी कळलं की मालवणच्या वाटेवरची घाटी खाली आली. घाटी म्हणजे गावाबाहेरची चढण. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. त्या रस्त्यावर दरड कोसळली होती. चिखल, मोडलेली झाडं, जांभ्याचे चिरे, आणि या सगळ्याच्या मधोमध घाटीचा राखणदार.

राखणदार म्हणजे छातीइतका उंच काळा धोंडा. वरच्या अंगाला बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांभाळतो, अशी सगळ्यांची श्रद्धा. आता तोच वाट अडवून बसला होता. सांभाळायचा कंटाळा आला असेल, असं मी म्हटलं, तर आईने माझ्या पाठीत धपाटा घातला.

मला थट्टा सुचत होती, पण खरी काळजी शाळेची होती. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. आमच्या मच्छीमार वाडीतून तिथवर पोचलेली पहिलीच मुलगी. हायस्कूल मालवणला, नऊ मैलांवर. आधी मी तिथे मावशीकडे राहून शिकले. मावशी वारली आणि नशिबाने त्याच वर्षी गावात एस्टी सुरू झाली. ती एस्टी होती म्हणून माझी शाळा होती. दरड पडल्यावर पहिल्या दिवशी मी चालत गेले, तर प्रार्थना कधीच संपून तिसरा तास चालू झाला होता, आणि घरी पोचेपर्यंत अंगात ताप भरला होता.

बुधवारी बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आले. साताऱ्याकडचे गृहस्थ, छत्री तुटलेली, स्वभाव सरळ. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "सोमवारी सकाळी गाडी घाटीपर्यंत येईल. रस्ता मोकळा दिसला तर ठीक. नाहीतर ती दुसऱ्या मार्गावर जाणार. मग दिवाळीपर्यंत विसरा."

दिवाळीपर्यंत माझं मॅट्रिक बुडालं असतं. त्या रात्री आई जेवली नाही. "जेव मगो," म्हटलं, तर म्हणाली, "एस्टी येवंदे, मगे जेवतंय."

गुरुवार-शुक्रवारी सगळा गाव फावडी-घमेली घेऊन उतरला. चिखल खाडीत गेला, झाडं तोडून बाजूला झाली. उरला राखणदार. ओव्हरसियरांनी सुरुंगाचं सामान मागवलं, आणि माणसांनी पहारी खाली ठेवल्या. एकजणही धोंड्याला हात लावेना.

"अहो, दगड आहे तो!" ओव्हरसियर म्हणाले.

"तुमच्यासाठी दगड," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे गावचे मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. "आमका इचारूक व्हया."

आमच्याकडे विचारायचं ते देवळात, कौल लावून. देवाच्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. शनिवारी सकाळी गाव देवळात जमला. दाजींनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! घाटीत जो धोंडो इलो हा, तो लेकरांच्या वाटेत आसा. तो फोडूक तुझी परवानगी आसा काय रे म्हाराजा?"

"होय म्हाराजा!" गाव ओरडला.

डावी कळी पडली.

संपलं. पुरुषांनी माना खाली घातल्या. ओव्हरसियर वही काढून लिहू लागले, 'ग्रामस्थांचा नकार'. मी खांबाला टेकून रडत होते, लाज न बाळगता. आणि मागून, बायकांच्या गर्दीतून आवाज आला.

"दाजीनू, प्रश्न चुकलो तुमचो."

सगळ्या माना मागे वळल्या. कौलात बायकांनी बोलायची रीत नव्हती. आई पुढे आली.

"घरातल्या म्हाताऱ्याक कोण इचारता, तुका फोडू काय म्हणान? तो नायच म्हणतलो! तेका इचारा, वायच बाजूक बसतंस काय?"

कोणीतरी हसलं. दाजींना राग यायला हवा होता, पण त्यांचे स्वतःचे वडील ब्याण्णव वर्षांचे होते आणि ओसरीच्या मधोमध खाट टाकून बसत. त्यांना ते पटलं असावं. गुरवाने पुन्हा कळ्या लावल्या. दाजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी जरा मऊ आवाजात. बराच वेळ काही पडेना. मग उजवी कळी पडली, आणि सगळ्या देवळाने एकदम श्वास सोडला.

"हलवणार कसा?" ओव्हरसियरांनी विचारलं. "क्रेन कुठून आणू मी?"

"होडी हलयतो तसो," आई म्हणाली आणि थेट मासेमारीचे म्होरके बाबली तांडेल यांच्या मांगराकडे, जाळी ठेवायच्या खोपीकडे, चालू लागली. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, काथ्याचे दोर पावसाळाभर तिथे ठेवलेले असत. बाबलींनी दारातच हात आडवा घातला.

"यमुने, दोर तुटले तर नारळी पुनवेक मी जाळा कशान ओढू? शेंडयेन?"

"तुटले तर वळून दितंय. आजपर्यंत दोर वळले कोणी, तुया? आमी बायल माणसांनीच मां?"

बाबलींनी आडवा हात काढला. दोर निघाले.

रविवारी पाऊस नुसता कोसळत होता. होडीखाली घालतात ते ओंडके आणले, त्यांना मुशी माशाचं तेल चोपडलं. पहारींनी धोंडा तासाभराने जेमतेम उचलला, तर ओंडके चिखलात रुतले. मग वादळाने पाडलेले माड आणून रुळांसारखे खाली अंथरले. ओव्हरसियर आता छत्री टाकून चिखलात गुडघाभर उभे होते आणि 'हळू, हळू' ओरडत होते. त्यांचं कोणी ऐकत नव्हतं, सगळे बाबलींच्या हाकेवर चालत होते. डोंगराला दरडीने खोबण पाडली होती, तिथे राखणदाराला बसवायचं. अंतर वीस पावलं. होडीला वीस पावलं म्हणजे विडी ओढेपर्यंतचं काम. याला दुपार झाली.

खोबणीजवळ चढ होता. तिथे धोंडा अडला, हेलकावला आणि खाडीच्या बाजूने मागे सरकला. पुरुष घाबरले. पुढच्यांनी दोर सोडला. मी मागे ओंडके उचलायच्या कामावर होते, मला एवढंच दिसलं की सुटलेला दोर सर्रकन पळतोय आणि आई त्याच्याबरोबर फरफटत जातेय.

"सोड गो!" बाबली ओरडले.

तिने सोडला नाही. रस्त्याकडेच्या आंब्याच्या बुंध्याला दोराचा वेढा दिला आणि पाय रोवून उभी राहिली. मग शेजारच्या काशीबाईने दोर धरला, गोदूबाईने धरला, सगळ्या बायकांनी धरला. पुरुष शरमून परतले. पुढच्या हाकेला राखणदार खोबणीत जाऊन बसला, असा की जणू जन्मापासून तिथेच होता. दाजींनी नारळ फोडला. त्या रात्री आई माझ्याआधीच पदर हातांभोवती गुंडाळून झोपली. दमली असेल, मला वाटलं.

सोमवारी सकाळी एस्टी घाटीपाशी आली, थांबली, आणि भोंगा वाजवत हळूहळू पार झाली. गाव नाचला. आणि मग गाव गाडीत चढला.

हे कोणालाच सुचलं नव्हतं. रापणीचा नियमच असा की ज्याने दोराला हात लावला त्याचा मासळीत वाटा. लोकांनी तोच नियम एस्टीला लावला. दोर ओढलाय तर गाडीत वाटा! म्हातारे, तरणे, कडेवरची पोरं, सगळे मालवण बघायला निघाले. कंडक्टर घंटा वाजवून थकला. मी दप्तर छातीशी धरून पायरीखाली उभी, आत मुंगी शिरायला जागा नाही.

"शिरा पडली तुमच्या तोंडार!" आईचा आवाज आला. "एस्टी कित्याक हाडलास? फिराक? उतर रे, बाबली! उतरा सगळे!"

बाबली आधी उतरले, मग निम्मा गाव उतरला. दाजींनी उठून खिडकीपाशी जागा दिली. मी पायरीवर पाय ठेवला आणि आईने दोन्ही तळव्यांनी मला पाठीवर ढकललं, जोरात, जसं काही मीच तो धोंडा. गाडी सुटली तेव्हा ती वळूनही न बघता घराकडे चालू लागली होती.

प्रार्थनेची घंटा मला मिळाली. पहिला तास गणिताचा. मागच्या बाकावरची मुलगी कुजबुजली, "सत्यवती, तुझ्या पोलक्यावर मागे रक्त आहे. दोन्हीकडे. हातांसारखं."

काथ्याच्या ओल्या दोराने तळव्याची सालटी निघतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी कळायला क्षणभर लागलाच.

"लागलंय का तुला?" तिने विचारलं.

"माझं नाही. आईचं," मी म्हटलं. डोळे भरून आले होते, फळा दिसत नव्हता. मी ते पुसले आणि गुरुजींनी घातलेली सातच्या सात गणितं सोडवली.