रविवारचा मूकपट

"उठा बघू. माझ्यान एकटीन बाकडी सरकवूक जमाची नाय," असं म्हणत वनमालानं चपला उचलून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवल्या.

शिवदास भिंतीकडे तोंड करून बसला होता, तसाच बसून राहिला. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं होतं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास चालायचा आणि त्यावर तो पांढरा रुमाल बांधायचा. गिरण्यांच्या संपानंतर याच माणसानं मुलुंडच्या बाजारात केळ्यांची हातगाडी लावली होती. त्याची आरोळी अशी खणखणीत, की पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही पिशवी घेऊन बाहेर यायच्या. आता ती गाडी चाळीमागे धूळ खात पडली होती. शिवदासला पाणी हवं असलं की तो पेला जमिनीवर आपटायचा. ओठसुद्धा हलवायचा नाही. गणपती झाले की गावी भावाकडे निघून जायचं, कायमचं, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. वनमाला शाळेत शिपाई होती. तिच्या पगारावर घर चाललेलं. ती कशी जाणार?

शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी सकाळी फिल्म सोसायटीवाले सिनेमा दाखवायचे. दुसरा शिपाई रजेवर होता. शेवटी शिवदास उठला.

बाकं लावून झाल्यावर तो निघालाच होता. सोसायटीचा मधुकर, बँकेत नोकरी करणारा भला माणूस, प्रोजेक्टरवर रीळ चढवता चढवता म्हणाला, "काका, बसा ना. आज मूकपट आहे, बोलायची भानगडच नाही!" आणि शिवदासच्या गळ्याचा रुमाल दिसताच त्यानं जीभ चावली.

शिवदासनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला.

वनमाला खाली चहा करायला गेली. चहा घेऊन वर आली तर अंधारात शिट्टीसारखा आवाज. हा आवाज ती ओळखत होती. श्वास अडकला की असाच यायचा. किटली खाली ठेवून ती धावली. शिवदासचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय झाला? गुदमरल्यासारख्या होता?"

त्यानं मानेनंच नाही म्हटलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. तो हसत होता. पुढचे दोघे-तिघे वळून बघत होते. त्याला त्याची शुद्ध नव्हती.

पडद्यावर एक हमाल भलामोठा आरसा पाठीवर घेऊन भर बाजारातून चालला होता. आरसा फुटता कामा नये, आणि जो तो त्यात बघायला थांबवतोय. एक पोलीस मिशीला पीळ देत होता. एका न्हाव्यानं तर आरशासमोर खुर्ची टाकून गिऱ्हाईकच बसवलं. हमालाच्या तोंडून शब्द नाही. पण त्याच्या भुवया, त्याचे थरथरणारे गुडघे, सगळं अंग बोलत होतं. शेवटी एक म्हातारी आली. कितीतरी वर्षांनी स्वतःचा चेहरा बघत असावी. ती गालावरून हात फिरवत राहिली, आणि हमाल हात भरून आले तरी आरसा धरून उभा राहिला. हॉलमध्ये नुसती प्रोजेक्टरची घरघर. शिवदास पुढे वाकला होता. वनमाला पडदा सोडून त्याच्याकडेच बघत राहिली.

घरी जाताना ती सहज म्हणाली, "सुरवात बघूकच गावली नाय माका."

शिवदास रस्त्यातच थांबला. पाठीत वाकला, हात मागे नेऊन नसलेला आरसा तोलून धरला आणि चालू लागला. मग तोच पोलीस झाला, तोच न्हावी झाला. बसस्टॉपवरची माणसं बस विसरून बघायला लागली. एक बाई हसून म्हणाली, "काय झकास करतात हो!" वनमालाला लाज वाटायला हवी होती. तिला वाटला तो अभिमान. एवढं सगळं या माणसात होतं आणि वर्षभर ते भिंतीकडे बघत बसलेलं!

न्हावी करून झाल्यावर शिवदासनं तिच्याकडे बघत ओठ हलवले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

"कळला," ती म्हणाली. "सगळा कळला."

गणपतीनंतर भाऊ न्यायला आला. "बॅग भरलंस मा रे?" त्यानं विचारलं. शिवदास त्याला हाताला धरून चाळीमागे घेऊन गेला. गाडी धुतलेली होती, चाकांना तेल घातलेलं होतं. भाऊ दोन दिवस राहून एकटाच परतला.

दिवाळीच्या आधी एकदा शाळा लवकर सुटली, तेव्हा वनमाला घरी जाताना बाजाराकडे वळली. गाडीभोवती बायका होत्या. शिवदास एक केळं नाकाशी नेऊन असे काही डोळे मिटत होता की घासाघीस करणारी बाई खळखळून हसली. "पुरे काका, द्या डझनभर!"

वनमाला जवळ जाऊन म्हणाली, "अहो, जेवूक चला."

त्यानं तिच्याकडे न बघताच हात वर केला. थांब. गिऱ्हाईक आहे.

वनमाला पिशवी खांद्याला लावून उन्हात थांबली.