मुकी घंटा

पाखरं मोजायचं काम संपवून लेक बापाच्या दारात आली, तेव्हा उन्हं कलली होती. वहीत चंडोलांच्या घरट्यांपुढे तिने भोपळा काढला होता. आता तो बापाला दाखवायचा, आणि त्याच तोंडाने त्याला परत कुरणावर बोलवायचं.

तीन वर्षांमागे तिनेच वनखात्याच्या साहेबांना लिहून दिलं होतं: मेंढ्यांनी रान बोडकं केलंय, चराई बंद करा. कुंपण पडलं, आणि बापाचा कळप खाटकाकडे गेला. पहिल्या वर्षी फुलं आली, फुलपाखरं आली, लेक हरखली. दुसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं. तिसऱ्या वर्षी ते आडवं पडलं, कुजलं, त्याची गादी झाली. चंडोलाला हवं आखूड गवत आणि चालायला वीतभर मोकळी माती. तो बिचारा बसणार कुठे?

आबा दुखरा पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसले होते.

"ये. तोंड का असं, एरंडेल प्यायल्यासारखं?"

"आबा, एकही घरटं नाही."

"ठाऊक आहे. रोज सकाळी दार उघडतो. आभाळ नुसतं रिकामं."

"मग बोलला का नाहीत? तेव्हाच का भांडला नाहीत माझ्याशी?"

"काय म्हणून भांडू? तू खोटं कुठे लिहिलं होतंस? त्या साली या पायाने दगा दिला. मला मागे चालवेना म्हणून कळप एकाच जागी अडवून ठेवला, ओढ्याकडची बाजू ओरबाडून निघाली. तू फक्त तेवढंच साल पाहिलंस, पोरी."

लेकीने मान खाली घातली. मग एका दमात म्हणाली, "साहेब तयार आहेत. थोडी चराई पुन्हा सुरू करू. मेंढ्या मी मिळवते, हाताखाली माणूस देते. तुम्ही फक्त चला."

आबा हसले; पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

"मेंढ्या ढिगानं मिळतील गं. कळपाच्या पुढे चालणारी म्होरकी कुठून आणशील? कुठे आठ दिवस चरायचं, कुठे महिनाभर फिरकायचं नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. सगळं रान तिच्या पायात होतं. मी आपला काठी घेऊन मागून चालायचो, आणि लोक मला मेंढका म्हणायचे."

खोलीत बादलीतल्या पाण्याची वाफ तेवढी हलत होती. लेक उठली. खुंटीवर म्होरकीच्या गळ्यातली पितळी घंटा टांगलेली होती. तिने ती काढून हलवली. आवाजच नाही. आत वाळलेलं गवत गच्च कोंबलेलं होतं.

तिला एकदम आठवलं. चंडोल अंड्यांवर बसले की घंटा मुकी करायची, म्हणजे मादी दचकून उठत नाही. लहानपणी हे काम तिचंच. गवताचा बोळा करायचा, आणि म्होरकी मान वाकवून उभी राहायची, शहाण्या बाईसारखी.

"म्हणजे म्होरकी नेली त्या दिवशी..."

"अंड्यांचेच दिवस होते. टेम्पोत चढली, तेव्हा घंटा वाजलीसुद्धा नाही. मग तिच्या गळ्यातून मी काढून घेतली."

लेकीचं बोट त्या बोळ्याकडे गेलं.

"असू दे," आबा हळूच म्हणाले. "आताही तेच दिवस आहेत."

तिने बोट मागे घेतलं, आणि घंटा खुंटीवर ठेवली, भिंतीला जरासुद्धा लागणार नाही अशी.